ओ द्यायची नाही

आमच्या घरात बायकांना नावं नव्हती. म्हणजे होती, पण रेशनकार्डापुरती. माझी आई 'मोठी', काकू 'धाकटी'. काका तर काकूला तेवढंही म्हणत नसत. ते घसा खाकरायचे आणि काकू तांब्या घेऊन पुढे यायची. कोणतं खाकरणं पाण्याचं आणि कोणतं चहाचं, हे तिला बरोबर कळायचं. मला लहानपणी त्याचं फार कौतुक वाटे. आता आठवलं की डोकं तापतं.

औंढ्याच्या अलीकडे आमचं गाव. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. गावात हळद बरी यायची. होळीच्या आसपास शेतात चुलवण पेटायचं, मोठ्या कढईत हळद शिजायला पडायची, वरून ओलं बारदान. हळद शिजली की नाही हे काकू ठरवायची. काडी टोचून बघायची आणि नुसती मान हलवायची, मग कढई उतरायची. गावातले इतर लोकही तिला बोलावून न्यायचे. तेवढ्या दिवसांत काका तिच्या मागे मागे फिरायचे, आणि आई मला कोपर मारून हसायची.

एका वर्षी काकू कढईपाशी बसली आणि काडी हातातच राहिली. हळद शिजून शिजून लगदा झाली. काका धावत आले, ओरडले, बारदान फेकून दिलं. काकूनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काडी तिच्या मांडीवर तशीच होती, कोरडी.

तसं तिचं आधीपासून बिनसत आलं होतं, हे मला नंतर जोडून जोडून कळलं. भाकरी तव्यावर करपायची. ती केस विंचरायची नाही. पहाटे जाग यायची, पण उन्हं वर आली तरी अंथरुणातून उठायची नाही. रडायचीही नाही. रडली असती तर बायकांना बरं वाटलं असतं, त्यांना रडण्याची समजूत घालता येते.

"काहून गं," आईनं एकदा तिला न्हाऊ घालताना विचारलं, "काय होऊन राहिलं तुला?"

"काईच न्हाई होत," काकू म्हणाली. "तेच तर व्हय ना मोठ्या बाई. काईच न्हाई होत मला."

बाजाराच्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरनं अशक्तपणा सांगितला, एक सुई टोचली आणि लाल औषधाची बाटली दिली. बाटली संपली, काकू तशीच. मग आजीनं ठरवलं की हे बाहेरचं आहे. आजी वाईट नव्हती. काकूच्या डोक्याला ती स्वतः तेल लावत बसायची. पण घरात चांगलं खाऊन-पिऊन, मार नाही, सवत नाही, अशी बाई भिंतीकडे तोंड करून पडते म्हणजे तिच्यात दुसरंच कोणीतरी पडलेलं असणार, असा तिचा सरळ हिशोब होता. गावात कोणाचाच वेगळा नव्हता.

ओढ्याकाठी एक ठाणं होतं, तिथला जाणता बाहेरचं उतरवायचा. दर गुरुवारी तिथं बायकांना आणत. आजूबाजूच्या गावांतल्या, तांड्यांवरच्या, कधी लांबून बैलगाडी करून आणलेल्या. केस मोकळे सोडून त्यांना बसवायचे, मिरच्यांची धुरी द्यायची, कडुलिंबाच्या ओल्या फोकानं पाठ झोडायची आणि विचारायचं, कोण आहेस, कुठून आलीस. आतल्या बाधेनं आपलं नाव सांगितलं पाहिजे, हा तिथला कायदा. नाव कळलं की ते लिंबात बांधायचं आणि शिवेबाहेर पुरायचं. नाव नाही तर सुटका नाही.

बाकीच्या बायका घुमायच्या, किंचाळायच्या, नावं सांगायच्या. एकीच्या अंगातली मेलेली सासू तर तिथंही वरणात मीठ कमी पडतं म्हणून भांडत होती. लोक हसले होते, मीही हसले होते. काकू घुमत नव्हती. धुरीनं डोळे वाहायचे, पाठीवर वळ उठायचे, ती गप्प. जाणता चिडायचा. "लई कट्टर हाय," म्हणायचा. गुरुवारमागून गुरुवार गेले. वळ जुने व्हायच्या आत नवे उमटायचे. रात्री आई त्यांना हळद लावायची, आमच्याच घरची.

शेवटी एका गुरुवारी काकू बोलली. मी आईच्या पदराला धरून समोरच उभी होते. फोक खाली आला, जाणत्यानं विचारलं, "बोल, कोण हायेस तू?" आणि काकूनं मान वर करून एक नाव सांगितलं. स्वच्छ, तिच्या नेहमीच्या आवाजात, पाहुण्याला सांगावं तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. आधीच फार जणांच्या तोंडाला लागलं आहे ते.

सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! आजीनं तिथंच हात जोडले. या नावाची कोण मेली, कुठल्या विहिरीत, यावर परतताना गाडीत चर्चा. त्याआधी ते नाव लिंबात गेलं, लिंबू शिवेवर पुरलं, वर दगड ठेवला. जाणत्यानं काकूला समोर बसवून बजावलं, "ह्या नावानं कोनी बी हाक मारली तं ओ द्यायची न्हाई. ओ दिली की ती परत आलीच समज."

काकूनं मान हलवली, कढई उतरवायला सांगताना हलवायची तशी.

आणि ती सुधारली. असं सगळे म्हणाले. ती पहाटे उठायला लागली, केस विंचरायला लागली, भाकरी करपेना. खाकरलं की तांब्या यायचा. मला मात्र तिची भीती वाटायला लागली. ती माझी वेणी घालायची तेव्हा मागे कोणी बसलंय असं वाटायचंच नाही, नुसते हात चालायचे. आम्ही पोरं शाळेच्या वाटेवर शिवेच्या त्या दगडाजवळून जीव मुठीत धरून पळायचो. एकमेकांना भेवडवायचं असलं की कानात ते नाव सांगायचो. मी त्या नावानं झोपेत ओरडून उठलेली आहे, आणि काकूनंच मला थोपटून निजवलेलं आहे.

काकूचे आईवडील तिच्या लग्नानंतर लवकरच गेले होते. एक मोठा भाऊ होता, ट्रकवर ड्रायव्हर, वर्षानुवर्षं लांबच्या रस्त्यांवर. पुढच्या हळदीला तो अचानक आला. वारंगा फाट्याला ट्रक लावून, मिळेल त्या गाडीनं. भर दुपारी अंगणात उभा राहिला, हातात पेरूंची पिशवी. काकू पडवीत त्याच्याकडे पाठ करून हळद निवडत बसली होती. त्यानं मोठ्यानं हाक मारली.

ते नाव होतं.

आजीच्या हातातलं सूप खाली पडलं. आईनं मला दंडाला धरून मागे ओढलं. मला वाटलं ती शिवेवरून निघून आली, आमच्या अंगणात आली, आता काय करू! भाऊ बिचारा हसत उभा. त्यानं पुन्हा हाक मारली, आणखी लाडानं. काकूचा हात थांबला. पिवळाधमक हात, त्यात एक हळकुंड. मग तो हात पुन्हा चालायला लागला. तिनं मागे वळून बघितलं नाही.

"बहिरी झालीस काय गं?" भाऊ म्हणाला. आणि आमचे चेहरे बघून आजीला समजावायला लागला, "आमी हेच म्हणतो हिला. पाळण्यातलं नाव हाय तिचं. तुमी लग्नात बदललं ना."

काका दारात येऊन उभे होते. आई काकांकडे वळली. तिला इतकं मोठ्यानं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "तुमाला तरी ठाव असंल ना?"

काका खाली बघत होते. "अक्षता पडल्या तवा ऐकलं असंल," ते म्हणाले. "मंग कदी लागलंच न्हाई."

खरं बोलत होते ते. नव्या नावानंही त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती, जुनं कुठून लक्षात राहणार?

आई म्हणाली, लिंबू उकरू, काहीतरी करू. आजी घाबरली. "आता चांगली करून-खाऊन राहिली ती. कशाला उकरता?" या एका वाक्यासाठी मी आजीला अजून माफ केलेलं नाही, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी. भाऊ चहा पिऊन गेला. काकूनं त्याला वाकून नमस्कार केला, पेरू धुऊन ठेवले. पुढे दोनदा-तीनदा आला तेव्हा तोही तिला 'बाई' म्हणायला लागला होता.

मी शिकले, मास्तरीण झाले, हिंगोलीत खोली घेतली. तोवर हिंगोली जिल्हा झालेला. सरकारी दवाखान्यात ठरावीक वारी मनाचे डॉक्टर बसतात असं शाळेत कळलं, तेव्हा मी काकूला घेऊन गेले. काका म्हणाले, "तिला काय तकलीफ हाय?" मी तिची पिशवी भरत राहिले. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवला आणि मी तिथंच थांबले. बाकांवर, भिंतीला टेकून, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली. नरसीकडची, कळमनुरीकडची, तांड्यावरच्या म्हाताऱ्या, नुकतं मिसरूड फुटलेली पोरं, कडेवर लेकरू असलेल्या बाया. आणि सगळ्यांची बसण्याची तऱ्हा एकच, कोरडी काडी हातात धरून बसल्यासारखी. गुरुवारी ओढ्याकाठी असायची तीच गर्दी. एका जिल्ह्याच्या एका व्हरांड्यात एवढी, तर देशभरात किती असतील? आणि जी इथवर आलीच नाहीत, ज्यांच्या घरचे म्हणतात की चांगली करून-खाऊन राहिली, त्यांची गर्दी मला कुठं दिसणार होती? मला तिथून पळून जावंसं वाटलं. काकू शांतपणे रांगेत बसली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी केसपेपर बाजूला ठेवून सहज विचारलं, "काकू, नाव काय तुमचं?"

काकू त्यांच्या हातांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "इथं नाव इचारताना मारतात का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "इथं कोणीच मारत नाही."

तिनं नाव सांगितलं. तेच, त्याच स्वच्छ आवाजात. डॉक्टरांनी केसपेपरवरचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तेच लिहा," मी म्हणाले, गरजेपेक्षा जास्त तडकून. त्यांनी आधीचं नाव खोडून ते लिहिलं.

औषधाच्या खिडकीपाशी आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं आतून हाक आली. भर दिवसा, एवढ्या लोकांत, ते नाव. माझ्या अंगावर काटा आला, या वयात! काकूनं माझं मनगट गच्च धरलं आणि हलली नाही.

"काकू," मी म्हणाले, "तुला हाक मारून राहिले."

तिनं पदर तोंडाला लावला. आत कुठंतरी 'ओ' झाली, पण ती मलासुद्धा नीट ऐकू आली नाही. खिडकीतला माणूस वैतागला.

"अहो, आहे का नाही ही बाई?"

काकूनं माझ्याकडे बघितलं.

"हाय म्हणू का?" तिनं विचारलं.