टोपीतला कांदा

आठवीत शाळा सुटली. मी सोडली नाही, तिनेच मला सोडलं. मग कोकणातून जो निघालो तो थेट नागपुरात येऊन पडलो. कळमन्याच्या पुढे एक मोठं लोखंडी गोदाम उभं राहत होतं, तिथे मिस्त्रींच्या हाताखाली नट-बोल्ट आवळायचं काम मिळालं. मिस्त्रींनी झोपायला ओसरी दिली, त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दोन वेळचं ताट. त्यांचे उपकार सांगत बसलो तर कांद्याचं राहूनच जाईल.

पहिल्याच दिवशी ठेकेदाराने पिवळं हेल्मेट हातात ठेवलं. सगळे त्याला टोपीच म्हणत. "ही डोक्यावर दिसली नाही तर घरी जायचं," तो म्हणाला. घर तिथून दोन दिवसांवर, आणि मी मुळात भित्रा. मी जेवतानासुद्धा टोपी काढत नसे.

"काहून गा, आंघोळबी टोपी घालूनच करतं का?" मिस्त्री विचारत.

बाकीचे गडी मात्र ठेकेदाराची पाठ वळली की टोपी उतरवत. कारण कोंबडा. त्या वर्षांत कपाळावर केसांचा कोंबडा काढल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे, आणि टोपीखाली त्याची अर्ध्या तासात भाकरी होई. मला त्याचं काही नव्हतं. माझ्याकडे बघणार कोण?

पण मी लग्नाच्या वयाचा झालो तशी वहिनींनी त्यांच्या नात्यातली एक मुलगी सुचवली. तिच्या घरचा कारभार मामाच्या हाती. मामा कळमन्याच्या बाजारात मापारी, आयुष्यभर धान्य मोजलेला माणूस.

"मामा येऊन राहिले तुले पाहाले, सोमवारी, कामावरच," वहिनी म्हणाल्या. "जरा माणसासारखा दिस बाप्पा!"

मुलुख परका, शिक्षण आठवी, मागे उभं राहायला कोणी नाही. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, अशी माझी खात्री होती. घाबरून मी दोन गोष्टी केल्या. कोंबडा काढला आणि बेलबॉटम शिवली, वर तंग आणि खाली घागऱ्यासारखी.

वैशाख चालू होता. उन्हाची लू लागू नये म्हणून वहिनी रोज निघताना खिशात ठेवायला कांदा देत. सोमवारीही दिला. पण नव्या पँटच्या खिशात बोट जाईना, तिथे कांदा काय जाणार? टोपीच्या आत पट्ट्यांचं जाळं असतं, त्याच्या वर थोडी पोकळी. मी कांदा तिथे दडपला. टोपी दोन बोटं उंच बसली, कोंबडाही वाचला. स्वतःच्या अकलेवर मी खूश होतो.

मामा आले ते भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. मिस्त्री म्हणाले, "टोपीबिगर आत नाही जाता येत मामा." जादा टोपी नव्हती. ठेकेदार आसपास नव्हता, मी लगेच माझी काढून दिली. तेवढाच कोंबडा दिसेल! मामांनी दुपट्टा सोडून टोपी घातली. कांदा माझ्या ध्यानातच नव्हता.

आम्ही छताच्या लोखंडी सांगाड्याखाली, म्हणजे कैचीखाली पोचलो. वरून कोणीतरी ओरडलं, "हटा!" आणि ठक्! हातभर लांबीचा नव्हे, बोटाएवढाच बोल्ट, पण तो मामांच्या टोपीवर बसला. मामा मटकन खाली. टोपीतून रस गळून त्यांच्या डोळ्यांत उतरला, आणि मला बघायला आलेला माणूस घळाघळा रडू लागला.

मिस्त्रींनी टोपी काढली. आतून चेंगरलेला कांदा निघाला. टाळूवर कांद्याएवढंच टेंगूळ.

"हे काय होय?" मामांनी डोळे पुसत विचारलं.

"कांदा... लू लागू नये म्हणून."

"मंग खिशात ठेवतेत ना गा!"

"पँट तंग आहे," मी म्हणालो.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. मामांनी पँट पाहिली, मग कोंबडा, मग खाली पडलेला बोल्ट. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, बोडक्या डोक्याने उभा होतो. ते मला तेव्हा कुठे कळलं. स्थळ गेलं, हे तर धरूनच चाललो होतो.

"आपली टोपी मले देल्ली यानं," मामा मिस्त्रींना म्हणाले. मी कोंबड्यासाठी दिली, हे सांगायला तोंड उघडलं. मिस्त्रींनी माझा पाय दाबला. "पोट्टा मनाचा चांगला आहे. अक्कल कमी आहे, ते पोरगी पाहून घेईन. पण पयले ह्याले न्हाव्याकडं न्या."

लग्नाच्या फोटोत माझे केस गव्हाच्या कापल्या धसकटासारखे आहेत आणि पँट मिस्त्रींची, पोत्यासारखी ढगळ. खरं काय ते बायकोला मी वर्षभराने सांगितलं. ती इतकी हसली की मामांना सांगेल म्हणून मला धडकी भरली. सांगितलं नाही तिने. पण अजून उन्हात बाहेर निघालो की आधी माझा खिसा चाचपते, आणि मग टोपीत हात घालून बघते.