मुरलीने फोन केला नाही

रुक्मिणीअक्का वयाने गेल्या नाहीत. त्यांना मारलं.

आज वर्ष झालं. मी गप्पच बसणार होते. पण सकाळी मुरलीची पोस्ट दिसली. अक्कांचा फोटो, खाली "माझी गुरू, माझी आई", आणि हात जोडलेले चार इमोजी.

डोकंच फिरलं माझं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अक्का म्हणजे आमच्या एग्मोरच्या छोट्या लॅबच्या हेड टेक्निशियन. तंजावरकडच्या मराठी. मी नाशिकहून लग्न करून चेन्नईत आले, तेव्हा तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं. मला आणि मुरलीला त्यांनी एकाच टेबलावर शिकवलं.

बाई महारागीट! ट्यूबवर नाव पेशंटसमोरच लिहायचं. नंतर लिहिलेलं दिसलं की ट्यूब सरळ कचऱ्यात.

"अगे, आकडा पटत नाही तर रिपोर्ट सोडायचा नाही. वॉर्डला फोन करायचा. कुठल्या हातातून रक्त घेतलं, ते विचारायचं. समजलं काय?"

हे मुरलीने शंभर वेळा ऐकलंय. पुढे तो एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबचा इनचार्ज झाला. अक्कांनी तेव्हा आख्ख्या लॅबला मैसूरपाक वाटला होता.

गेल्या वर्षी अक्का त्याच हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्या. ताप, उलट्या. डाव्या हाताला ग्लुकोजचं सलाईन.

मी खाली इडली आणायला गेले. वर येते तर अक्का संतापलेल्या.

"सलाईनच्याच हातातून रक्त काढलं गे! मी नको म्हटलं, तर ती म्हणते, सुम्मा इरुंगा पाटी."

गप्प बसा आजी. जन्मभर लोकांचं रक्त काढलेल्या बाईला!

मी सिस्टरकडे निघालेच होते. अक्कांनीच हात धरला.

"राहू दे. लॅबमध्ये मुरली आहे. आकडा बघितला की तोच फोन करील."

मी ऐकलं त्यांचं. ड्यूटीवर निघून गेले.

फोन आलाच नाही. रिपोर्ट आला. शुगर सहाशेच्या वर आणि बाकी सगळं खाली. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळलं असतं की रक्तात सलाईन मिसळलंय.

मुरलीने अप्रूव्ह केलं.

वॉर्डने इन्सुलिन दिलं. बोटाला टोचून एकदा खात्री करावी, हेही कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी मी परत गेले तेव्हा अक्का बेशुद्ध होत्या. खरी शुगर पार तळाला गेली होती. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत.

काल मुरलीचा फोन आला. हो, आता बरा फोन लावता येतो त्याला. सोमवारी माझ्या तक्रारीची सुनावणी आहे ना!

"शुभा, त्या दिवशी फार लोड होता गं. अक्का असत्या तर त्यांनी मला माफ केलं असतं."

"केलं असतं. म्हणून तर मी करणार नाही."

मुरली, तू हे वाचतोयस, मला माहीत आहे. आधी ती पोस्ट डिलीट कर. आई म्हणू नकोस त्यांना. लोड होता, हे सोमवारी सगळ्यांसमोर बोल, त्यांचा रिपोर्ट हातात धरून. तुझी खुर्ची जाईपर्यंत मी तुझा पिच्छा सोडणार नाही. आणि त्यानंतरही मला तुझी दया येणार नाही.

अक्का, वर्षभर कागद गोळा करत होते. रडायचं राहूनच गेलं. सोमवार होऊ दे, मग रडेन.

नमस्कार करते.