भुयारातून पुलगावले

हातातला कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एका मित्राला असा ठसका लागला की पाठ चोळून चोळून माझे हात दुखले!

मी तेव्हा पुलगावला मिलमध्ये होतो. आमच्या गावात कोणालाही विचारा, तो शपथेवर सांगायचा की फौजेच्या डेपोतून थेट नागपूरच्या किल्ल्याखाली भुयार जाते. पाहिलं कोणी? कोणीच नाही. अहो, गुप्त गोष्ट दिसेल कशी?

त्या दिवशी मी नवा शर्ट घ्यायला नागपूरला गेलो होतो. चार वाजता मुलीकडचे घरी येणार होते, आणि माझी गाडी डोळ्यांदेखत सुटली. आता?

स्टेशनाबाहेर आलो, तर रस्त्यात तंबू. तंबूत चौकोनी खड्डा आणि खड्ड्यात खाकीतला माणूस! वर टेकडीवर किल्ला. अजून काय पुरावा पाहिजे?

मी वाकून हळूच विचारलं, "काऊन जी, हे कुठवर जाते?"

"पार मुंबईले."

"आन् पुलगाव?"

"मधातच लागते."

"वेळ किती लागते?"

"मोकळं असलं तर दोन मिनिटं. नाई तर बसा दिवसभर!"

मी हात जोडले. "भाऊ, लग्नाचं काम आहे. मले पुलगावले पाठवा!"

माणूस दयाळू. "नंबर सांगा," म्हणाला.

मला वाटलं, पलीकडच्या तोंडाशी आधी वर्दी द्यावी लागत असेल. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा नंबर सांगितला, तेवीस. त्याने खटपट करून फोन माझ्या हाती दिला.

"सेठ, मी वसंता! पाहुण्यायले बसवून ठेवजा. भुयारातून निघालो, दोन मिनिटांत आलोच!"

फोन परत केला, चपला काखेत मारल्या आणि एक पाय खड्ड्यात सोडला.

"अरे अरे, कुठं चालले?"

"पुलगावले!"

"बाप्पा! टेलिफोनची लाइन आहे हे. इथून आवाज जाते, माणूस नाई!"

संध्याकाळच्या पॅसेंजरने पोचलो, तर भुयाराचं तोंड तिथंच असणार म्हणून आमच्या विहिरीभोवती अर्धी गल्ली उभी. सेठने निरोप शब्दन् शब्द पोचवला होता. पाहुणेही थांबले होते, जावई कुठून उगवतो ते पाहायला!

मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. मुलीचे वडील चहा पिऊन उठले. गेलं स्थळ, म्हटलं.

पण आठवड्याने होकार आला!

लग्नानंतर एकदा बायकोला विचारलं, "एवढं होऊनबी तू मले हो काऊन म्हणली?"

ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "ज्याले असं भुयार पटते, त्याले काईबी पटवता येते."