दुमडलेल्या गाद्या

वॉर्डाच्या टोकाला चार खाटांवर गाद्या दुमडून ठेवल्या होत्या. नर्सिंगला येईपर्यंत मला वाटायचं, रिकामी खाट म्हणजे जागा. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तसं नसतं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं.

दाराशी स्ट्रेचरवर एक आजी धापा टाकत होत्या. त्यांची सून चिडली, "सिस्टर, खाटा काय शोभेला ठेवल्यात?"

"खाटा आहेत गं, पेशंटकडे बघायला माणसं नाहीत. तिकडं यांचा दम वाढला तर मला कळायचंही नाही." सिस्टर आपल्या टेबलाजवळच्या खाटेकडे वळल्या. तिथल्या काकूंचा ताप उतरला होता. "काकू, टोकाला जाता का?"

"जाते की! तुमच्या बडबडीनं इथं झोप कुठं लागते?"

आजींना काकूंच्या खाटेवर घेऊन ऑक्सिजन लावला. मला वाटलं, वॉर्ड भिंतीपर्यंत नसतो. कुणाची तरी नजर पोचते तिथपर्यंतच असतो. मग ती थोडी पुढे नेता येईल का? वॉर्डभर सिस्टर एकट्याच होत्या.

"सिस्टर, टोकाकडे मी लक्ष ठेवू?" मी विचारलं.

"ठेव. काही वेगळं दिसलं की लगेच हाक मार. आणि कंटाळून मधेच पळायचं नाही."

"नाही पळणार," मी म्हणाले आणि स्टूल उचलून टोकाला, काकूंच्या नव्या खाटेपाशी नेलं.