भिंतीवरचे रशीद चाचा

मंडळी, आज मुंबईला निघालो, तर आपल्या विमानतळाच्या दारात रशीद चाचा आणि चाची उभे. चाचांनी इथं आयुष्यभर लोकांचं सामान उचललं. नव्या हॉलमध्ये जुने फोटो लावलेत, त्यात चाचाही आहेत, हे कळल्यावर ते चाचीला दाखवायला घेऊन आलेले.

गार्डनं तिकीट मागितलं.

"बेटा, मेरा फोटू है अंदर."

मागून एक सूटवाला म्हणाला, "मग फोटोलाच बाहेर बोलवा की, चाचा!" अख्खी रांग हसली. चाचीनं मान खाली घातली.

मी म्हणालो, "थांबा चाचा, फोटो मी मोबाइलवर पाठवतो."

आत गेलो, फोटो सापडला. बरोबर चाचांच्या चेहऱ्यावर चार्जिंगचा बोर्ड ठोकलाय. बॅग उचललेले हात तेवढे दिसतात. मग पाठवलाच नाही.

आत्ता मुंबईत उतरलो, तर चाचांचा फोन: "चाची पूछ रही, मैं कैसा दिखता?"

काय सांगू?