पिवळी टोपी

बडोद्याच्या मैदानावर मी मचाणावरून घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन करायचो. दुरून घोडे सारखेच दिसतात, म्हणून कुठल्या घोड्यावर कुठल्या रंगाची टोपी, ही यादी आदल्या दिवशीच पाठ करायची. त्या दिवशी पिवळी टोपी पहिली आली आणि मी वाघोडिया गावच्या घोड्याचा विजय पुकारला. मग दुर्बीण लावली. घोडा दुसराच होता. पिवळी टोपी घट्ट होते म्हणून स्वारांनी ऐन वेळी अदलाबदल केली होती.

खाली वाघोडियाचे मालक पेढे वाटत होते. मचाणाची एकुलती एक शिडी त्यांच्याच माणसाने धरलेली. तो ओरडला,

"उतरा ने साहेब, तोंड गोड करा!"

मी माइकवर चूक जाहीर केली. पेढे थांबले, शिडीही गेली. पुढच्या शर्यतीची यादी मी वरच बसून पाठ केली.