पेटीवरचं लिंबू

रत्नमालाताईनं माणूस मारला, असं आमच्या भीमनगरात दोन-चार जण बोलायलेत. माझ्या तोंडावर अजून कुणी बोललं नाय. बोलावं एकदा, मग बघते. मी नववीत शाळा सोडली, मला नीट लिहिता येत नाय. पण झालं ते मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून मीच सांगते.

ताई माझी रक्ताची कुणी नाय. आई गेली, बापानं दुसरं घर केलं, तवापासून मी ताईच्या मेसमध्ये. विद्यापीठाची पोरं जेवायला येतात. त्यातलाच एक एकदा म्हणला, "ताई, आम्ही दौलताबादपासून फर्दापूरपर्यंत डोंगराडोंगरानं चालत जाणार. आठवडा लागंल. मधी खायचं काय?"

ताई भाकरी थापता थापता म्हणली, "चाला तुम्ही. खायचं माझ्याकडं."

तिथून हे काम सुरू झालं. मग दरसाल पुण्याहून चालणारे यायला लागले. ताई म्हणायची, "माणूस दोन दिवसांचं खाणं पाठीवर नेतो. तिसऱ्या दिवसाचं नेलं तर ते खाणंच त्याला खातं." म्हणून वाटेवर जागोजाग पत्र्याच्या पेट्या ठेवायच्या. गाडीरस्ता संपला की आम्ही दोघी डोक्यावर घेऊन चढायचो. पहिल्या पेटीत धपाटे, कारण ते लवकर खराब होतात. पुढच्या पेटीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, फुटाणे, खजूर. शेवटाकडं चिंच आणि लोणचं, कारण चालून चालून माणसाला गोड नको वाटतं, आंबट पाहिजे असतं. आणि पाण्याचे कॅन प्रत्येक पेटीत. मार्चात त्या पठारावर पाण्याचा टिपूस नसतो.

पहिल्या साली कुणीतरी कुलूप फोडून पेटी साफ केली. चालणारे उपाशीपोटी खाली उतरले. ही चाल काढणाऱ्या, ताईला काम देणाऱ्या पुण्याच्या साहेबानं तिला फोनवर काय काय सुनावलं. मला वाटलं फोन घेऊन फेकावा नाल्यात.

त्याच आठवड्यात आमच्या चौकात कुणीतरी उतारा टाकला होता. नारळ, दहीभात, हळदकुंकू, टाचण्या टोचलेलं लिंबू. दिवसभर तसंच पडलं. पोरं वळसा घालून शाळेत चालली. भंगार गोळा करणारा म्हातारा, जो काहीपण उचलतो, तोपण लांबून गेला. ताई बघत उभी राहिली.

"तने, हे बघ कुलूप."

मी म्हणलं, "ताई, आपण मानत नाय ना हे?"

"आपण नाय मानत. ते मानतात ना."

ताईच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरा फोटो नाय. तिनं पेट्यांवर हळदकुंकू ओतलं, टाचण्या टोचलेलं लिंबू ठेवलं, काळी चिंधी बांधली. कुलूप काढून टाकलं, नुसती कडी. "माकडासाठी कडी, माणसासाठी लिंबू," म्हणून आम्ही दोघी हसलो. त्यानंतर एक फुटाणा गेला नाय. चालणाऱ्यांचा जो पुढारी असेल त्याला तेवढं सांगायचं, की तू पुढं जा, लिंबू फेकून दे, मग बाकीच्यांना बोलव. बाकी कुणाला कळता कामा नये. एका वस्तीला कळलं की कुलूप उघडलं.

ह्या साली वाट दाखवायला कडुबाकाका होता. कन्नडकडच्या वस्तीवरचा, जन्म गुरं राखण्यात गेला. पहिल्यांदा मेसवर आला तवा त्याच्यासंगचा माणूस आमच्यात जेवायचं म्हणून बाहेरच घुटमळला. काका सरळ आत आला, ताईच्या ताटातली अर्धी खाल्लेली भाकर उचलली आणि म्हणला, "ही जास्त भाजलीय. मला अशीच लागती." ताई त्याला भाऊ म्हणायची. मला तो 'शाळा सोडलेली मास्तरीण' म्हणायचा. मी शिव्या दिल्या की अजून हसायचा.

तिसऱ्या पेटीच्या अलीकडं घोळ झाला. सत्यम नावाचा पुण्याचा एक पोरगा फोटो काढत मागं राहिला, सापडंना. काकानं बाकीच्यांना पेटीपर्यंत न नेता तिथूनच खालच्या गावाकडं लावलं, स्वतःचं पाणीपण त्यांनाच दिलं, आणि एकटा मागं फिरला. सत्यम भलत्याच वाटेनं डांबरीला उतरला, कुणाच्या तरी गाडीवर कन्नडला गेला, मिसळ खाल्ली आणि संध्याकाळी फोन केला की मी ठीक आहे. काकाच्या फोनला रेंज नव्हती. तो सत्यमला हाका मारत फिरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढाऱ्याचा फोन आला, की काका रातभर परत आला नाय. ताईनं उकळता भात चुलीवरून उतरवला आणि माझ्या गाडीवर बसली. गाडीवर आणि मग चढावर तिचं एकच चाललं होतं.

"तिसरी पेटी त्याच पठारावर हाय. तिथवर आला असंल तर पाणी हाय, खाणं हाय. कडुबाभाऊला काय होत नाय."

मी म्हणलं, "पण काकाला पेटीची जागा कुठं सांगितली आपण?"

"दिसंल की. पत्रा चमकतो उन्हात."

अर्ध्या चढावर ती थांबली. माझ्याकडं बघितलं. ऊन एवढं, तरी तोंड राखेसारखं झालेलं.

"तने, लिंबू," म्हणली, आणि पळत सुटली.

काका सापडला. पेटीपासून बैल बांधायच्या दाव्याएवढ्या अंतरावर, पळसाला टेकून, पेटीकडं पाठ करून. चपला काढून ठेवलेल्या. धुळीत त्याच्या पावलांचा पेटीभोवती लांबून फिरलेला वळसा दिसत होता. ओठ फाटलेले, अंग तव्यासारखं. आम्हाला बघून त्यानं हात वर केला.

"ताई, तिकडं जाऊ नका. उतारा हाय कुणाचातरी. पोरीला सांभाळा."

ताईनं लिंबू लाथेनं उडवलं, पेटी उघडली, कॅन आणला. पाणी कोमट झालं होतं. त्याच्या तोंडाला लावलं तर त्यानं दात आवळले. क्षणभर माझ्या मनात भलतंच आलं, की ह्याला आमच्या हातचं पाणी नको. मग लगेच ती ताटातली भाकर आठवली. त्याला ताईची भीती नव्हती. त्या पेटीची होती.

"भाऊ, मी ठेवलाय तो. खोटाय. लोकांनी चोरू नये म्हणून. प्या, पाया पडते."

काकानं तिच्याकडं मान वळवली.

"तुमी?"

"मीच."

मग त्यानं तोंड उघडलं. थोडं प्याला, जास्त बाहेर आलं. खालून माणसं आणून, चादरीत घालून आम्ही त्याला उतरवला. सरकारी दवाखान्यात दोन दिवस होता, मग गेला. डॉक्टर म्हणले, आदल्या दिवशी पाणी मिळालं असतं तर वाचला असता. आदल्या दिवशी तो त्याच झाडाखाली होता.

मी ताईला म्हणलं, "लिंबू बघून काका पाण्याला शिवला नाय, हे आपल्या दोघींनाच माहीत हाय. गप बस."

"म्हणून तर जायला पाहिजे," ती म्हणली.

वस्तीवर काकाची बायको, भागूबाई, भिंतीला टेकून बसलेली. बाया जमलेल्या. ताईनं सगळ्यांसमोर सांगितलं. लिंबू कुणी आणलं, टाचण्या कुणी टोचल्या, का टोचल्या. एक शब्द लपवला नाय. कुणी अंगावर आलं असतं तर मी मधी पडणार होते. कुणी आलं नाय.

भागूबाई म्हणली, "खोटा व्हता म्हणता?"

"व्हय. नुसतं लिंबू."

"मग माझा माणूस कसा गेला?"



आता त्या वस्तीवरचं कुणी पेटीच्या बाजूला गुरं नेत नाय. ताईनं ती पेटी पांढरी रंगवली. वर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, पाणी आहे, प्या. लिंबू नाय, चिंधी नाय, कडीसुद्धा नाय. पुण्याच्या साहेबानं काम दुसऱ्याला दिलं. तरी आम्ही महिन्याला जातो, जुनं पाणी ओततो, नवं भरतो. पेटी गेल्या वेळी ठेवली तशीच भरलेली असते. भाकरीचा तुकडासुद्धा कमी नसतो.

मागच्या खेपेला लांब बांधावर दोन गुराखी उभे होते. ताई पेटीजवळ बसली, त्यांना दिसंल अशी, आणि त्यातलीच भाकर खाल्ली, त्यातलंच पाणी प्याली. मीपण प्याले. ताईनं हात उंच करून हाक मारली, "या रे, प्या! काय नाय त्यात!"

त्यांनी गुरं वळवली आणि लांबचा वळसा घालून खाली उतरले.